सशाची साक्ष

१९०१ च्या जुलै महिन्यात जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील रूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशय आला लुडविग टेसनोव नावाच्या फिरत्या सुतारावर. त्याच्या कपड्यांवर डाग होते, आणि ते लाकडाला द्यायच्या रंगाचे आहेत असे तो ठामपणे सांगत होता. तीन वर्षांपूर्वी ओस्नाब्रुकजवळ दोन मुलींचा खून झाला तेव्हाही त्याने हेच उत्तर दिले होते, आणि तेव्हा ते खपून गेले होते. डाग रक्ताचा आहे की नाही एवढे त्या काळी सांगता येई. पण रक्त माणसाचे की मेंढराचे, हे ओळखण्याचा भरवशाचा मार्ग पोलिसांकडे नव्हता. त्यातच रूगेनवर काही आठवड्यांपूर्वी कोणीतरी कुरणातल्या मेंढ्यांचीही कत्तल केली होती.

कपडे गेले ग्राइफ्सवाल्डच्या पाउल उलेनहुट या डॉक्टरकडे. वय अवघे एकतीस. काही महिन्यांपूर्वीच त्याने एक चाचणी प्रसिद्ध केली होती. सशाला माणसाचे रक्त थोडे थोडे टोचायचे, काही आठवड्यांनी त्या सशाच्या रक्तातले सीरम वेगळे काढायचे, आणि संशयित डाग मिठाच्या पाण्यात विरघळवून त्यात ते मिसळायचे. डाग माणसाच्या रक्ताचा असेल तर नितळ द्रावण गढूळ होते, नसेल तर तसेच राहते. मेंढीचे रक्त टोचलेल्या सशाचे सीरम असेच मेंढीचे रक्त ओळखते. उलेनहुटने एकेक डाग तपासला. काही मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही माणसाच्या. टेसनोव दोषी ठरला.

सशाच्या शरीराने दिलेली ही साक्ष पुढे जगभरच्या न्यायालयांत चालली. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २९३ व्या कलमात ज्या सरकारी तज्ज्ञांचा अहवाल पुरावा म्हणून वाचता येई त्यांची यादी होती, आणि तिच्यात सरकारी सेरॉलॉजिस्टचा स्वतंत्र उल्लेख होता. रक्ताच्या डागांची चाचणी आता डीएनएकडे गेली. पण सशाने प्रयोगशाळा सोडली नाही. प्रश्न तेवढा बारीक झाला. उलेनहुट विचारत होता, हे रक्त कोणाचे? आजचा संशोधक विचारतो, या पेशींमध्ये असलेल्या हजारो प्रथिनांपैकी मला हवे असलेले एक प्रथिन आहे का, किती आहे, आणि पेशीत नेमके कुठे आहे?

त्याला मिळणारे उत्तर येते एका इवल्या नळीतून. तिच्यावर लिहिलेले असते ‘रॅबिट पॉलिक्लोनल’, प्रथिनाचे नाव, आणि खाली बारीक अक्षरात लॉट नंबर. नळीत शंभर मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे दोन-तीन थेंब. किंमत ऐकून नव्या विद्यार्थ्याचा हात थरथरतो. पण नळीतला द्रव मीठ किंवा आम्लासारखे रसायन आहे असे समजून तो वापरला की पुढची फसगत ठरलेली. ती एका विशिष्ट प्राण्याने, विशिष्ट काळात दिलेली साक्ष असते, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. या पुस्तकातील सर्व प्रकरणे शेवटी याच एका गोष्टीकडे येतात, म्हणून ती प्रस्तावनेतच सांगितलेली बरी.

शरीरात परके प्रथिन शिरले की प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी ते अख्खे ओळखत नाहीत. प्रत्येक पेशी त्याचा एखादाच कोपरा पकडते. तो कोपरा म्हणजे काही अमिनो आम्लांची सलग साखळी असेल, किंवा प्रथिनाच्या घडीमुळे शेजारी आलेले दोन दूरचे तुकडे असतील. याला एपिटोप म्हणतात. ज्या बी-पेशीला कोपरा सापडला ती वाढते, तिची पिलावळ तयार होते आणि ती पिलावळ एकाच घडणीचे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात सोडू लागते. एका प्रथिनाला असे अनेक कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर एकापेक्षा अधिक पिलावळी डोळा ठेवून असतात. या सगळ्यांचे एकत्र मिश्रण म्हणजे पॉलिक्लोनल अँटिबॉडी.

या मिश्रणाचा फायदा उघड आहे. प्रयोगात प्रथिनाचे हाल होतात. फॉर्मॅलिनमध्ये ते गोठते, एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळले की त्याची घडी उलगडते. एकच कोपरा ओळखणारा प्रतिपिंड अशा वेळी आंधळा होऊ शकतो. पॉलिक्लोनलमधल्या दहांपैकी चार प्रतिपिंडांना काही दिसेनासे झाले, तरी सहांना दिसतेच. शिवाय एका प्रथिनावर अनेक प्रतिपिंड एकाच वेळी बसतात, त्यामुळे कमी प्रमाणातले प्रथिनही उजळून दिसते.

तोटाही इथेच आहे. डोळे जास्त म्हणजे चुकीची ओळख पटवणारे डोळेही जास्त. केंब्रिजच्या जॉर्ज नटॉलने तर ही चुकीची ओळखच कामाला लावली. शेकडो प्राण्यांच्या रक्तांवर त्याने अशी सीरमे वापरून सुमारे सोळा हजार चाचण्या केल्या आणि १९०४ मध्ये त्यांवर ग्रंथ काढला. माणसाच्या रक्ताविरुद्ध तयार केलेले सीरम वानरांच्या रक्ताशीही प्रतिक्रिया देते आणि नाते जितके लांबचे तितकी ती फिकी होत जाते, असे त्याला दिसले. उत्क्रांतीतली भाऊबंदकी सशाच्या सीरममध्ये मोजता येत होती! नटॉलसाठी ते घबाड होते. पण प्रथिनांच्या एकाच घराण्यातल्या दोन भावंडांपैकी एकालाच हुडकायचे असेल, तर हाच गुण डोकेदुखी होतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सशाच्या सीरममधले बहुसंख्य प्रतिपिंड आपल्या प्रथिनासाठी नसतातच. ससा जन्मल्यापासून ज्या जिवाणूंशी, बुरशीशी, खाद्याशी आणि धुळीशी झगडला, त्या सगळ्याची ती शिदोरी असते. आपण टोचलेल्या प्रथिनाचा त्यात थोडासा वाटा. म्हणून टोचण्याआधी त्याच सशाचे रक्त घेऊन ठेवायचे असते. त्याला प्री-इम्यून सीरम म्हणतात. ज्या प्रयोगशाळेने हे घेतलेले नाही तिच्या सीरमवर किती विसंबायचे हे ज्याने त्याने ठरवावे. या प्रस्तावनेचे मत विचाराल तर, विसंबूच नये.

पण ससाच का? उंदीर स्वस्त असतो, बकरीचे रक्त भरपूर मिळते, आणि घोडा तर लिटरने देतो. पुण्याजवळ पिंपरीत हाफकिन महामंडळ सर्पदंशावरचे औषध घोड्यांपासूनच बनवते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषाविरुद्धचे तेही पॉलिक्लोनल प्रतिपिंडच. तिथे रोग्याच्या नसेत औषध सोडायचे असते, म्हणून मोठा प्राणी लागतो. प्रयोगशाळेतल्या शोधकामाला तेवढे रक्त नको असते, आणि उंदराचे काही थेंबही पुरत नाहीत. न्यूझीलंड व्हाइट जातीचा पांढरा ससा या दोघांच्या मधला. कानाच्या कडेची शीर डोळ्यांना दिसते, सुई सहज लागते, आणि एका वेळी काही मिलिलिटर सीरम हाती येते.

जीवशास्त्रीय कारण याहून मोठे आहे. संशोधनातली बहुतेक प्रथिने माणसाची किंवा उंदराची असतात आणि ती एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. माणसाचे प्रथिन उंदराला टोचले तर त्याला ते बरेचसे आपलेच वाटते आणि तो गप्प बसतो. ससा उंदराच्या कुळातला नाही. त्याचा गण वेगळा, त्यामुळे उंदराने दुर्लक्षिलेले कोपरे त्याला परके वाटू शकतात. प्रतिपिंडांची विविधता घडवण्याची त्याची रीतही निराळी आहे. त्याच्या आंत्रपुच्छातल्या लसिका-ऊतींत, आतड्यातल्या जिवाणूंच्या संगतीत, प्रतिपिंडांच्या जनुकांत शेजारच्या जनुकांचे तुकडे येऊन बसतात आणि नवनवे नमुने तयार होतात. आपण ज्या अवयवाला निरुपयोगी म्हणून कापून टाकतो, तोच सशाच्या शरीरातली प्रतिपिंडांची पाठशाळा आहे. शिवाय सशाच्या आयजीजीला, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडाला, उंदराच्या आयजीजीसारखे उपप्रकार नसतात आणि ते प्रोटीन-ए या जिवाणूच्या प्रथिनाला घट्ट चिकटतात, त्यामुळे शुद्धीकरण सोपे जाते.

खरे तर प्रतिपिंडाचा आकार आपल्याला कळला त्यातही सशाचा हात आहे. लंडनच्या मिल हिल इथे काम करताना रॉडनी पोर्टरने सशाचे गॅमा ग्लोब्युलिन घेतले, पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेन या विकराने ते तोडले आणि १९५९ मध्ये तीन तुकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातले दोन तुकडे प्रतिजन, म्हणजे परके प्रथिन, पकडत होते, तिसऱ्याचे स्फटिक बनत होते. पाठ्यपुस्तकातला इंग्रजी वाय आकाराचा प्रतिपिंड त्या कामावर उभा आहे. १९७२ चे नोबेल पारितोषिक पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना मिळाले.

आता सीरम तयार कसे होते ते थोडक्यात. अख्खे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळत असेल तर ते, नाहीतर त्याचा दहा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा संश्लेषण करून घेतात. एवढा लहान तुकडा सशाच्या खिजगणतीतही नसतो. म्हणून तो एका धिप्पाड प्रथिनाच्या पाठीवर बांधतात. सर्वांत जास्त वापरले जाणारे केएलएच हे प्रथिन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या समुद्री गोगलगायीच्या निळसर रक्तातून येते. मग हे मिश्रण तेलात घुसळतात. ज्यूल्स फ्रॉइंडने १९३० च्या दशकात शोधलेल्या नुस्ख्यात खनिज तेलाबरोबर क्षयाच्या घराण्यातले मारलेले जिवाणू असतात. ते प्रतिकारशक्तीला खडबडून जागे करतात, पण टोचल्या जागी गाठी आणि जखमाही करतात. म्हणून पहिल्या टोचणीनंतर जिवाणू नसलेले तेल वापरतात. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टोचायचे, मधून मधून कानातून रक्त काढून तपासायचे. अडीच-तीन महिन्यांत सीरम हाती येते. काही वेळा येत नाही. दोन सशांना एकच प्रथिन, एकाच दिवशी, एकाच सुईने टोचले तरी एकाचे सीरम सोन्यासारखे आणि दुसऱ्याचे पाण्यासारखे, हे अनेक प्रयोगशाळांनी पाहिले आहे. म्हणूनच निदान दोन ससे घेण्याचा रिवाज पडला.

हे सीरम सर्वांत जास्त राबते ते वेस्टर्न ब्लॉटमध्ये. पेशी फोडून त्यातली प्रथिने एसडीएस लावून जेलमध्ये वजनानुसार पसरवायची, ही रीत उलरिच लेम्लीच्या १९७० च्या निबंधामुळे घराघरात गेली. जेलमधली प्रथिने नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर उतरवायची युक्ती १९७९ मध्ये बाझेलच्या हॅरी टोबिन आणि सहकाऱ्यांनी छापली. नील बर्नेटने सिएटलमध्ये ती स्वतंत्रपणे घडवून तिला आजचे नाव दिले. त्याचा निबंध आधी नाकारला गेला, पण त्याच्या फोटोकॉपी हातोहात फिरल्या आणि १९८१ मध्ये तो छापून आला तेव्हा लोक ती पद्धत आधीच वापरत होते.

ब्लॉटच्या दिवशी टेबलावर काय काय जमते ते पाहण्यासारखे असते. कागदावरच्या रिकाम्या जागा झाकायला बाजारात मिळणारी साय काढलेल्या दुधाची भुकटी. त्यानंतर सशाची प्रायमरी, म्हणजे हवे ते प्रथिन ओळखणारा प्रतिपिंड, बहुधा हजारपट पातळ करून, रात्रभर चार अंश तापमानाला शेकरवर हलत राहते. सकाळी तीनदा धुतले की सेकंडरी, म्हणजे सशाच्या प्रतिपिंडाला ओळखणारा बकरीचा प्रतिपिंड. त्याच्या पाठीवर हॉर्सरॅडिश या तिखट मुळातून काढलेले विकर बसवलेले असते. शेवटी ल्युमिनॉल ओतले की विकर प्रकाश पाडते आणि काळोखातल्या कागदावर पट्टी चमकते. समुद्रातली गोगलगाय, ससा, बकरी, गाय आणि एक मूळ, एवढ्यांच्या खांद्यावर चढून एका प्रथिनाची पट्टी दिसते, आणि ती पाहून संशोधक म्हणतो, ‘माझे प्रोटीन आहे.’

आहे का, हाच खरा प्रश्न.

पट्टी दिसली म्हणजे प्रथिन सापडले, असे नसते. सशाच्या मिश्रणातला कोणता तरी प्रतिपिंड त्या वजनाच्या कशाला तरी चिकटला, एवढेच सिद्ध झालेले असते. वजनाची खूणही फसवी. पी५३ या प्रथिनाचेच पाहा. त्याच्या नावातले त्रेपन्न हे जेलमध्ये दिसलेले किलोडाल्टनमधले वजन. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम कळल्यावर खरे वजन निघाले चव्वेचाळीसच्या आत. प्रोलीनची गर्दी असलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळते.

पी५३ ची कथा आणखी एका कारणासाठी इथे हवी. १९७० च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये डेव्हिड लेन माकडाच्या एसव्ही४० या विषाणूच्या टी-अँटिजेन या प्रथिनावर काम करत होता. शुद्ध केलेले टी-अँटिजेन सशाला टोचून त्याने सीरम बनवले होते. विषाणूने बिघडवलेल्या पेशींत त्या सीरमने टी-अँटिजेन ओढून काढताना एक जादा पट्टी सतत सोबत येई. अशी जादा पट्टी बहुतेक वेळा कचरा असते. सीरममधल्या एखाद्या भलत्या प्रतिपिंडाने भलतेच काही पकडलेले असते आणि ती कापून आकृती छापण्याचा मोह अनावर होतो. लेन आणि लायनेल क्रॉफर्ड यांनी ती कापली नाही. हे पेशीचे स्वतःचे प्रथिन असून ते टी-अँटिजेनला बिलगून येते, असे १९७९ मध्ये त्यांनी मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत डॅनियल लिंझर आणि आर्नल्ड लेव्हिनही त्याच प्रथिनापर्यंत पोचले. मानवी कर्करोगांत ज्या जनुकात सर्वांत जास्त बिघाड सापडतात ते हेच.

त्याहून विलक्षण प्रकार डेन्व्हरमध्ये घडला. कोंबड्यांना गाठी आणणारा राउस सार्कोमा विषाणू कोणत्या प्रथिनाच्या जोरावर पेशी बिघडवतो, हे कोणालाच दिसत नव्हते. जोन ब्रग आणि रेमंड एरिक्सन यांनी नवजात सशांमध्ये त्या विषाणूने गाठी निर्माण केल्या आणि त्यांच्याच रक्तातून सीरम घेतले. १९७७ मध्ये त्या सीरमने साठ किलोडाल्टनचे एक प्रथिन पकडले. त्याचे नाव सार्क. ते करते काय, हे शोधायला मार्क कोलेट आणि एरिक्सन यांनी प्रतिपिंडाने पकडलेल्या सार्कमध्ये किरणोत्सर्गी फॉस्फरस असलेले एटीपी घातले. फॉस्फेट चिकटले, पण कशाला? ज्या सशाच्या प्रतिपिंडाने सार्कला धरून ठेवले होते, त्याच प्रतिपिंडाच्या जड साखळीला! आरोपीने साक्षीदाराच्याच अंगावर शाई उडवावी आणि त्यावरून आरोपीचा धंदा कळावा, तसे झाले. सार्क हे फॉस्फेट चिकटवणारे विकर, म्हणजे कायनेज आहे, हे १९७८ मध्ये असे उघड झाले. नंतर टोनी हंटर आणि बार्थोलोम्यू सेफ्टन यांनी ते फॉस्फेट टायरोसीनवर बसते हे दाखवले. टायरोसीन कायनेज रोखणारी कर्करोगावरची औषधे याच वाटेवर पुढे आली.

अशा कथा वाचून सशावर श्रद्धा बसणे सोपे आहे. तिच्यावर उतारा म्हणून दुसरी बाजूही पाहायला हवी.

इस्ट्रोजेन रिसेप्टर-बीटा १९९६ मध्ये सापडला आणि स्तनाच्या कर्करोगात त्याची भूमिका काय, यावर निबंधांचा पूर आला. कोणाला तो गाठीत सापडला, कोणाला नाही. कोणी त्याला रक्षक ठरवले, कोणी उलट. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने तेरा प्रतिपिंड काटेकोर कसोट्यांवर तपासले गेले. ऊतींच्या कापांवर नेमके काम करणारा एकच निघाला, आणि तोही फारसा कोणी न वापरलेला मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पिलावळीचा प्रतिपिंड. त्याने पाहिले तर निरोगी किंवा कर्करोगग्रस्त स्तनात या रिसेप्टरचा पुरावा मिळालाच नाही. वीस वर्षांच्या वादाचा मोठा भाग रोगाबद्दल नव्हताच. तो नळीतल्या द्रवाबद्दल होता.

हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. २०११ मध्ये हिस्टोन प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा ओळखणारे दोनशेहून अधिक प्रतिपिंड तपासले, तेव्हा चौथ्या हिश्शाहून जास्त कसोटीला उतरले नाहीत. अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्ल्युकथुन यांनी २०१५ मध्ये, सुमारे शंभर सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी, निकामी प्रतिपिंडांवर जगभरात दरवर्षी ऐंशी कोटी डॉलर वाया जातात असा अंदाज मांडला. २०२३ मध्ये मॉन्ट्रियलच्या पीटर मॅकफर्सन यांच्या गटाने मज्जासंस्थेशी निगडित पासष्ट प्रथिनांसाठी विकले जाणारे सहाशे चौदा प्रतिपिंड ओळीने उभे केले. प्रत्येकाची परीक्षा एकच. प्रथिन असलेल्या पेशी आणि जनुक काढून टाकल्यामुळे ते प्रथिन नसलेल्या पेशी, शेजारी शेजारी. दोन्हीकडे पट्टी दिसली तर प्रतिपिंड नापास. सर्वांत चांगले ठरले जनुक-तंत्राने बनवलेले रिकॉम्बिनंट प्रतिपिंड. पॉलिक्लोनल शेवटून पहिले.

या निकालाने सशाची सद्दी संपली, असे काही जण म्हणतात. ते घाईचे आहे. बाजारातल्या पॉलिक्लोनलचा दर्जा आणि पॉलिक्लोनल या पद्धतीची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनमध्ये मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली २००३ मध्ये सुरू झालेल्या ह्युमन प्रोटीन अ‍ॅटलासने मानवी प्रथिनांचा नकाशा काढायचे ठरवले आणि त्यासाठी मुख्यतः ससेच निवडले. त्यांनी प्रत्येक प्रथिनाचा असा तुकडा शोधला जो इतर कोणत्याही प्रथिनाशी शक्य तितका कमी मिळतो. तो सशाला टोचला आणि मिळालेले सीरम त्याच तुकड्याच्या स्तंभातून गाळून घेतले. शिदोरीतले बाकीचे सगळे वाहून गेले, हवे तेवढे राहिले. या प्रतिपिंडांनी रंगवलेल्या ऊतींच्या लाखो चित्रांचे वाचन करण्यात मुंबईतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या एका गटाचा मोठा वाटा आहे. स्वीडिश सशांच्या प्रतिपिंडांनी कोणत्या पेशीला किती रंग दिला, हे मुंबईत बसलेल्या डोळ्यांनी ठरवले.

तेव्हा पॉलिक्लोनल टाकून द्या असे हे पुस्तक म्हणत नाही. ज्या प्रथिनावर अजून कोणी काम केलेले नाही, ज्या पिकावरच्या विषाणूसाठी कोणतीही कंपनी मोनोक्लोनल बनवणार नाही, तिथे पहिला आधार ससाच देतो. मिश्रणातून प्रथिन ओढून काढायला, सँडविच एलायझामध्ये पकड घ्यायला तो आजही उत्तम आहे. एलायझाचा तर जन्मच त्याच्या साक्षीने झाला. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी या पद्धतीने पहिल्यांदा जे मोजले ते सशाचेच आयजीजी होते.

पण ससा अमर नसतो, आणि खरी अडचण इथे आहे. मोनोक्लोनल प्रतिपिंड बनवणारी पेशी गोठवून ठेवता येते. सेझर मिलस्टाइन आणि गेऑर्ग क्योलर यांनी १९७५ मध्ये ती वाट दाखवली. पॉलिक्लोनल मात्र त्या सशाबरोबर संपते. दुसरा ससा तेच प्रथिन बघून वेगळीच साक्ष देतो. एखाद्या प्रयोगशाळेत तीन वर्षे सुरळीत चाललेला ब्लॉट नवी नळी आल्यावर एकाएकी बिघडतो आणि विद्यार्थी बफर, जेल, ट्रान्सफर, सगळे तपासून थकतो. बिघडलेले काहीच नसते. फक्त साक्षीदार बदललेला असतो, आणि ते कळण्याची एकमेव खूण म्हणजे लॉट नंबर, जो कोणी वहीत लिहिलेला नसतो.

उलटतपासणीचे नियम आता बऱ्यापैकी ठरले आहेत. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले. जनुक काढून किंवा दाबून पट्टी जाते का ते पाहणे, प्रतिपिंडाविना दुसऱ्या पद्धतीने मोजलेल्या प्रमाणाशी ताळा घेणे, त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या कोपऱ्यावरचा स्वतंत्र प्रतिपिंड वापरणे, प्रथिनाला खुणेचे शेपूट लावून ते ओळखले जाते का बघणे, आणि प्रतिपिंडाने पकडलेला ऐवज मास स्पेक्ट्रोमीटरला दाखवणे. यातला पहिला सर्वांत निर्णायक. जुना, लोकप्रिय आणि कमजोर मार्ग म्हणजे टोचलेलाच तुकडा सीरममध्ये मिसळून पट्टी गायब करून दाखवणे. भलत्या प्रथिनाला चिकटणारा प्रतिपिंडही त्या तुकड्याने अडतोच, त्यामुळे त्यातून फारसे सिद्ध होत नाही. तरीही निबंधांच्या आकृत्यांत हा पुरावा थाटात बसलेला आढळतो.

सशाबद्दलही बोलले पाहिजे, केवळ त्याच्या सीरमबद्दल नव्हे. पुष्कळदा शेवटचे रक्त काढताना त्याचा जीव जातो. भारतात १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आणि प्राण्यांवरील प्रयोगांसाठीचे १९९८ चे नियम लागू आहेत. संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय एकही ससा टोचता येत नाही. कागदावरचे नियम पुरतात असे मात्र नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रतिपिंडांच्या एका बड्या उत्पादक कंपनीला बकऱ्या आणि सशांच्या हेळसांडीच्या प्रकरणात पस्तीस लाख डॉलर भरावे लागले, शिवाय परवानाही गमवावा लागला. युरोपीय संघाच्या, प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय शोधणाऱ्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्राण्यांविना बनवलेल्या प्रतिपिंडांकडे वळण्याची शिफारस केली. सशाच्या बी-पेशीतून जनुक काढून प्रतिपिंड पेशीसंवर्धनात बनवणे आता नेहमीचे झाले आहे. त्यात सशाची चतुराई राहते आणि दर वेळी नवा ससा लागत नाही.

पुढची प्रकरणे ज्याला उद्या सकाळी ब्लॉट लावायचा आहे त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. त्यात प्रमाणे आहेत, वेळा आहेत, दुधाऐवजी बीएसए, म्हणजे गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन, कधी घ्यायचे ते आहे. फॉस्फेटची खूण शोधताना दूध का टाळतात, हेही आहे. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटने लगडलेले असते. पण सुरुवात ब्लॉटपासून केलेली नाही. पहिले प्रकरण आहे सशाला काय टोचायचे ते ठरवण्याबद्दल, कारण नंतरच्या टप्प्यांवर झालेले बिघाड दुरुस्त करता येतात, चुकीचा तुकडा टोचला तर तीन महिने आणि दोन ससे वाया जातात.